नववीच्या वर्गात विज्ञान आणि नीती: ‘शाप की वरदान’च्या पुढे कसं न्यावं?

कोपरीची_प्रयोगवही (ठाणे पूर्व)

नमस्कार मंडळी. मराठी माध्यम, नववी, पट ४८. जैवतंत्रज्ञानाचा धडा संपला की सलग दोन तासिका मिळणार आहेत, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. वर्गात सहा-सहा बाकांच्या चार रांगा, बाकं जमिनीला पक्की. प्रोजेक्टर नाही. फळा आणि झेरॉक्स, एवढंच हाताशी.

नव्या शोधांची नैतिक बाजू मुलांनी स्वतः तपासावी असं फार वाटतं. पण हा विषय निघाला की मुलं निबंधाच्या वहीतलं बोलायला लागतात. विज्ञान ही दुधारी तलवार आहे, सगळं वापरणाऱ्यावर अवलंबून आहे, वगैरे. वाक्यं पाठ असतात आणि पाच मिनिटांत चर्चा आटोपते.

तर उदाहरण कोणतं घ्यावं? ४८ जणांना बोलतं कसं करावं? ‘मॅडम, तुमचं मत काय?’ असं विचारलं तर काय सांगावं? आणि लेखी काम अंतर्गत मूल्यमापनात धरायचं आहे, तर मताला गुण कसे द्यायचे? जाणकारांनी नेमकं सांगावं.

खाडीपलीकडे (वाशी)

ताई, आधी तो ‘शाप की वरदान’ हा प्रश्नच फळ्यावरून पुसा. त्याचं उत्तर ठरलेलं आहे, म्हणून मुलं पाठ म्हणतात. ‘वापरणाऱ्यावर अवलंबून’ म्हटलं की विचार तिथेच थांबतो, कारण वापरणारा कोण आणि त्याने कुणाला विचारलं, हे कुणी विचारतच नाही. प्रश्न असा द्या की एका माणसाला एक निर्णय घ्यायचा आहे, वेळ थोडा आहे, आणि ज्याच्यावर परिणाम होणार त्याला नीट ‘नाही’ म्हणता येत नाही. प्रश्न जितका अरुंद, तितकी चर्चा खोल जाते.

पहिल्या तासिकेसाठी माझी शिफारस हाफकिनची. मुंबईचीच गोष्ट आहे, लोकलने जाता येतं तिथली. ती तीन तुकड्यांत द्या, एकदम नाही.

पहिला तुकडा: १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रयोगशाळा थाटून प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. इथे थांबा. विचारा: शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग केला म्हणजे तो प्रयोग योग्य ठरतो का? आणि त्यातून सिद्ध काय झालं? मुलं शौर्याबद्दल बोलतील, ते बोलू द्या. पण दुसरा प्रश्न सोडू नका. एका माणसाने टोचून घेतली आणि तो जगला, यावरून लस जीवघेणी नाही एवढा अंदाज येतो. ती प्लेगपासून वाचवते का, हे त्यावरून अजिबात कळत नाही. त्यासाठी टोचलेले आणि न टोचलेले असे दोन गट लागतात. दुसरा तुकडा इथूनच आपोआप येतो.

दुसरा तुकडा: त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली, बाकीच्यांना नाही. टोचलेल्यांत आजाराचं प्रमाण कमी दिसलं. प्रश्न: तुरुंगातला माणूस खरोखर ‘नाही’ म्हणू शकतो का? इथे वर्गातून हमखास येतं की ‘कैदीच तर होते, काय बिघडलं?’ या वाक्यावर रागावू नका, तेच तर हवं आहे. उलट विचारा: न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत प्रयोगाला उभं राहणं लिहिलेलं होतं का? ज्यांचा खटला अजून चालू आहे, त्यांचं काय? आणि दुसरी बाजूही मांडा. प्लेग तुरुंगात शिरलेलाच होता, म्हणजे लस घेण्यात कैद्यांचाही फायदा होता. बाहेरून निरोगी माणसं आणून टोचण्यापेक्षा हे वेगळं आहे का? इथे वर्ग खरोखर दोन भागांत विभागतो.

तिसरा तुकडा: १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेलं. पुढे तपासात दिसलं की दोष त्या बाटलीपुरता होता; गावात ती उघडताना जंतू शिरले असावेत. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला आज त्यांचंच नाव आहे. प्रश्न: जबाबदारी कुणाची? लस शोधणाऱ्याची, बाटली भरणाऱ्याची, उघडणाऱ्याची, की मोहीम राबवणाऱ्या सरकारची? फळ्यावर चार रकाने करा आणि प्रत्येकाच्या हातात नेमकं काय होतं ते भरून घ्या.

तिन्ही तुकडे एकदम वाटले तर तास फसतो. शेवट माहीत झाला की मुलं शेवटावरून न्याय करतात: लस यशस्वी झाली, म्हणजे सगळं बरोबरच होतं. निर्णय घेतानाच्या क्षणी माणसाला काय माहीत होतं, यावरच न्याय करायचा असतो, आणि हे शिकवायला तुकडे पाडण्याइतकं सोपं साधन दुसरं नाही. वेळ साधारण ८, १२ आणि १० मिनिटं धरा, उरलेली पाच कागद वाटण्यात जातात. प्रत्येक तुकडा चार-पाच ओळींचा, मोठ्या अक्षरात, दोघांत एक. एका ए-फोर कागदावर एकाच तुकड्याच्या चार प्रती बसतात, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या २४ चिठ्ठ्यांना सहा कागद.

जनुकवाचक (ऐरोली)

हाफकिनची निवड उत्तम. दुसऱ्या तासिकेला धड्याला जोडून जनुक संपादन घ्या. नववीच्या आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) येतोच, म्हणजे पाया तयार आहे.

आधी एकच भेद पक्का करा, नाहीतर पुढचं सगळं वाहून जातं: शरीरपेशीतला बदल त्या माणसापुरता राहतो, जननपेशीतला किंवा भ्रूणातला बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो. फळ्यावर वंशावळीची आकृती काढा. पहिल्या प्रकारात एकच चौकोन रंगवा, दुसऱ्यात त्याच्या खालची सगळी फांदी रंगू शकते हे दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ‘जनुक बदलायचे की नाही’ हा धूसर प्रश्न त्याने लगेच दोन वेगळ्या प्रश्नांत फुटतो.

मग दोन उदाहरणं समोरासमोर ठेवा. क्रिस्पर हे जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याचं साधन २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी मांडलं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. २०१८ च्या नोव्हेंबरात चीनमधल्या ह जियानक्वी यांनी जाहीर केलं की त्यांनी भ्रूणांतलं सीसीआर-फाइव्ह हे जनुक बदललं आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्या. हेतू होता एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये हा. पुढे त्यांना तीन वर्षांची कैद झाली. उलट २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवर क्रिस्परवर आधारलेल्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढतात, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागेल असा बदल करतात आणि परत देतात.

चर्चा चमकदार होते ती तपशिलामुळे. चीनच्या उदाहरणात वडील एचआयव्हीबाधित होते, पण शुक्रपेशी धुऊन घेण्याची जुनी पद्धत वापरून बाळाला संसर्ग टाळता येत होता. म्हणजे बाळांना न विचारता घेतलेला धोका गरजेचाही नव्हता. सिकलसेलच्या उपचारातही सगळं गोड नाही. आधी अस्थिमज्जा रिकामी करायला तीव्र केमोथेरपी द्यावी लागते आणि तिने पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. आणि तो १२ वर्षांपासून पुढच्या रुग्णांना दिला जातो, म्हणजे तुमच्या वर्गाच्या वयाच्या मुलांना. तेव्हा प्रश्न असा द्या: १४ वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे, आई-वडील उपचाराला तयार आहेत, ती केमोथेरपीला घाबरून नको म्हणते. डॉक्टरांनी काय करावं?

इथे मुलांना एक गोष्ट सांगाच, ती त्यांना माहीत नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संशोधनात सहभागी होणाऱ्या ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलाची लेखी संमती घ्यायची असते, पालकांच्या संमतीच्या जोडीला. हे संशोधनासाठी आहे, नेहमीच्या उपचारासाठी नाही. तो फरकही सांगा, नाहीतर मुलं घरी जाऊन इंजेक्शनला नकार देतील.

चर्चेआधी वहीत उभी रेघ मारून घ्या. डावीकडे ‘तपासून कळेल’, उजवीकडे ‘ठरवावं लागेल’. केमोथेरपीचा धोका किती, हे डावीकडे. तो धोका पत्करायचा का, हे उजवीकडे. बहुतेक वर्गांत वाद भलत्याच रकान्यात चाललेला असतो: डावीकडच्या गोष्टीवर मुलं हात वर करून मतदान करतात आणि उजवीकडच्या गोष्टीवर ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ म्हणतात. वाद तापला की एकच विचारा, ‘हे कोणत्या रकान्यातलं?’

बाकावरची_चर्चा (कळवा)

वरच्या दोघांनी आशय दिला, मी वर्गाच्या व्यवस्थेबद्दल लिहिते. तास बहुतेक वेळा तिथेच फसतो.

बाकं पक्की असली तरी चौघांचे गट होतात. प्रत्येक रांगेतल्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बाकाने मागे वळायचं. चार रांगांत तीन-तीन, म्हणजे १२ गट. बोलण्याआधी दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, हे अजिबात गाळू नका. लिहिलेलं नसेल तर गटातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा म्हणेल तेच गटाचं मत होतं. मग चार मिनिटं गटात बोलणं. शेवटी बाराही गटांना उभं केलं तर वेळ संपतो आणि सहाव्या गटानंतर कुणी ऐकत नाही. चार गटांना पूर्ण बोलू द्या, बाकीच्यांनी फक्त ‘अजून कुणी न मांडलेलं’ असेल तेवढंच सांगायचं.

मत दाखवायला हात वर करणं टाळा. मुलं मित्राकडे बघून हात वर करतात. सगळ्यांनी डोळे मिटून छातीशी एक ते पाच बोटं धरायची: एक म्हणजे अजिबात मान्य नाही, पाच म्हणजे पूर्ण मान्य. तुम्ही मोजा आणि आकडे फळ्यावर लिहा. चर्चेनंतर पुन्हा मोजा. आकडा हलला तर कोणत्या मुद्द्याने हलला ते विचारा, आणि मत बदलणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक करा. मत बदलणं म्हणजे हरणं, हा समज वादविवाद स्पर्धांनी पक्का केलेला असतो. म्हणूनच या तासाला अनुकूल-प्रतिकूल अशी स्पर्धा मुळीच ठेवू नये.

सिकलसेल घेणार असाल तर एक काळजी. वर्गात वाहक (सदोष जनुक असलेलं, पण आजार नसलेलं) किंवा रुग्ण मूल असू शकतं. पालघर पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांत हा आजार आढळतो आणि ठाण्यात तिकडून आलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. ‘कुणाच्या घरी आहे का?’ असं कधीही विचारू नका. काल्पनिक रुग्णाला गाव किंवा आडनाव देऊ नका. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे वाक्य सुरुवातीलाच फळ्यावर लिहा. सुरुवातीला नियम सांगताना ‘मी पुढे जातो’ म्हणून आपली पाळी सोडण्याचा हक्क प्रत्येकाला द्या, कारण न विचारता. दहावीत टेस्ट ट्यूब बेबी आणि सरोगसी येतात तेव्हा तर हे फारच सांभाळावं लागतं. दत्तक किंवा उपचारांनी झालेलं मूल समोरच बसलेलं असू शकतं.

तुमचं मत विचारलं तर लपवू नका, पण लगेच सांगूही नका. ‘शेवटच्या पाच मिनिटांत सांगेन, आणि तुम्ही माझ्या कारणातली चूक शोधायची’ असं म्हणा. चौदाव्या वर्षी मुलं बाईंच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखतात, म्हणून मधल्या वेळात ‘छान’, ‘बरोबर’ हे शब्द टाळा. ‘अजून सांग’, ‘याला कोण वेगळं म्हणेल?’ एवढंच.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते: प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू नसतात. गर्भलिंगनिदान वर्गात घ्यायचं असेल तर ‘करावं की करू नये’ असा विषय कधीच ठेवू नका. वर्गात निम्म्या मुली बसलेल्या असतात आणि त्यांचा जन्म हा चर्चेचा मुद्दा होऊ शकत नाही. तिथे वेगळा प्रश्न आहे. सोनोग्राफी बाळाची वाढ तपासायला आली, मग महाराष्ट्राला देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, आणि पाठोपाठ १९९४ मध्ये केंद्राला कायदा का करावा लागला? कायदा असूनही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुलीच का होत्या? यंत्राची नोंदणी, प्रत्येक तपासणीचा अर्ज, ‘इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही’ ही भिंतीवरची पाटी, यातलं काय उपयोगी पडतं आणि काय नुसतं कागदावर राहतं? मुलांनी ती पाटी पाहिलेली असते, पण ती का आहे ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

घोडबंदर_रोड (ठाणे पश्चिम)

एक वेगळं मत. हाफकिन, क्रिस्पर हे सगळं मुलांपासून लांब आहे. त्यांच्या हातातल्या गोष्टीपासून सुरुवात करावी. समजा शाळेत चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र आलं, तर? वैयक्तिक डिजिटल विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांना विचारा: पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येतो का? चित्र कुठे साठणार, किती दिवस, शाळा सोडल्यावर पुसणार का, आणि एखाद्या पालकाने नाही म्हटलं तर त्या मुलाची हजेरी कशी घेणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. पर्याय नसेल तर संमतीला काही अर्थच उरत नाही.

खाडीपलीकडे (वाशी)

मुद्दा मोलाचा आहे. फक्त तो आधी न घेता नंतर घ्यावा असं वाटतं. जवळचा विषय आधी घेतला की मुलं स्वतःच्या सोयीवरून बोलतात, ‘मला चालेल’, आणि तिथेच थांबतात. कैद्याच्या संमतीवर वर्गात बोलून झाल्यावर हाच हजेरीचा प्रश्न गृहपाठाला द्या. शाळेत ‘नाही’ म्हणता येतं का, हे मग मुलं आपणहून विचारतील.

कोपरीची_प्रयोगवही (ठाणे पूर्व)

सगळ्यांचे मनापासून आभार. तुकड्यातुकड्याने द्यायची आणि बोटांच्या मताची युक्ती नक्की वापरणार. गुणांचं अजून राहिलं आहे. आणि क्रिस्पर एका तासिकेत जड जाईल असं वाटलं, तर त्याऐवजी जवळचं काही आहे का?

सेक्टर_बारा (खारघर)

ताई, आहे. इथल्या ॲक्ट्रेकचं, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेचं नाव मुलांनी ऐकलेलं असतं. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांत रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) काढून, कर्करोगाच्या पेशी ओळखणारा ग्राहक (पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, रिसेप्टर) बनवणारं जनुक त्यांत घालतात, त्या वाढवतात आणि परत देतात. परदेशातल्या किमतीच्या मानाने हा उपचार खूपच स्वस्त आहे, तरी खर्च लाखांत जातो. म्हणजे इथे प्रश्न ‘करावं का’ हा नाहीच, ‘आधी कुणाला’ हा आहे.

याला दोन पाकिटं लागतात. पहिल्या पाकिटात पाच नियम: आधी आला त्याला आधी, सर्वांत गंभीर त्याला, बरं होण्याची शक्यता जास्त त्याला, चिठ्ठी टाकून, पैसे भरू शकेल त्याला. गटाने एक नियम निवडून कारणासह लिहायचा आणि कागद तुमच्याकडे द्यायचा. मगच दुसरं पाकीट: चार काल्पनिक रुग्ण आणि एकच जागा. ओळखीच्या कुणाशी जुळणार नाहीत असे रुग्ण लिहा. वय, आजाराची अवस्था आणि प्रतीक्षायादीतला क्रमांक एवढंच द्या. व्यवसाय किंवा स्वभाव लिहिलात की मुलं ‘चांगला माणूस कोण’ हे ठरवत बसतात आणि न्यायाचा प्रश्न बाजूला पडतो. नियम लावल्यावर निकाल पटला नाही तर तो बदलायची मुभा द्या, पण अट एक: बदललेला नियम उद्या येणाऱ्या अनोळखी रुग्णालाही तसाच लागू झाला पाहिजे. क्रम उलटा करून आधी रुग्ण दाखवलेत तर गट आवडता रुग्ण निवडतो आणि मग त्याला साजेसा नियम शोधतो.

हा विषय घेण्याआधी वर्गशिक्षकांकडे चौकशी करा. कुणाच्या घरी कर्करोगाचे उपचार चालू असतील तर हे उदाहरण सोडून सरळ क्रिस्परच घ्या.

आता गुण. दहापैकी अशी वाटणी चालते: माहिती अचूक आहे का याला तीन. परिणाम कुणाकुणावर होतो याला दोन. त्यात किमान तीन जण हवेत आणि त्यातला एक असा, ज्याला स्वतः बोलता येत नाही (भ्रूण, कैदी, पुढची पिढी). स्वतःच्या मताचं कारण याला तीन. विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा प्रामाणिकपणे मांडून त्याला उत्तर दिलं, याला दोन. मत कोणतं आहे याला शून्य. हे शून्य मुलांना लिहायच्या आधीच फळ्यावर दाखवा. शक्य असेल तर उलटसुलट मतांची दोन नमुना उत्तरं, दोन्हींना आठ गुण दिलेली, वाचून दाखवा. नुसतं सांगून मुलांचा विश्वास बसत नाही.

शेवटच्या दोन्ही गुणांत मुलं ठरावीक ठिकाणी अडकतात. कारण म्हणून ‘कारण ते चुकीचं आहे’ असं लिहितात. तिथे समासात फक्त ‘कुणासाठी? कसं?’ लिहून वही परत द्या. विरुद्ध मुद्दा म्हणून मुद्दाम दुबळा मुद्दा घेतात. तिथे शेजारच्या बाकावरच्या वेगळ्या मताच्या मुलाकडून ‘हो, माझं म्हणणं हेच आहे’ अशी सही घ्यायला लावा. सही मिळाली नाही तर ते दोन गुण नाहीत. लेखनाला १२ ते १५ ओळी पुरतात, आणि वेळ वर्गातच द्या. घरी दिलं की निबंधाच्या पुस्तकातली तलवार परत येते.